दारातल्या कुरूप गाडीची बाजू

ज्यांच्या दारात अजून नॅनो उभी आहे, त्यांच्याशी मला थोडं बोलायचं आहे. ज्यांच्याकडे मारुतीची व्हॅन आहे त्यांच्याशीही. आणि ज्यांनी वडिलांची फियाट शेडखाली जुन्या चादरीने झाकून ठेवली आहे, दर दसऱ्याला तिला झेंडूचा हार घालतात, ‘या वर्षी चालू करायचीच’ म्हणतात आणि पुन्हा चादर ओढतात, त्यांच्याशी तर जरा खडसावूनच बोलायचं आहे.

या गाड्या देखण्या नाहीत हे आधीच मान्य करून टाकू, म्हणजे वाद नको. नॅनोचं नाक आखूड, कपाळ उंच आणि चाकं अंगाच्या मानाने इवलीशी, १२ इंचांची. व्हॅनला तर नाकच नाही. पावाच्या लादीला चार चाकं लावावीत तशी ती दिसते. पन्नासच्या दशकातल्या गोल पाठीच्या फियाट ११०० ला मुंबईने ‘डुक्कर फियाट’ म्हटलं, आणि आज जुन्या गाड्यांचे शौकीनही तिला त्याच नावाने ओळखतात, तेही अभिमानाने. बजाज टेम्पोच्या तीनचाकीलाही गावोगावी डुक्करच म्हणत. म्हणणारे त्याच गाडीत दाटीवाटीने बसून आठवडी बाजाराला जात, लग्नाला जात, आणि ती रस्त्यावरून नाहीशी झाली तेव्हा चुकचुकलेही.

माझं सांगणं एवढंच आहे. गाडीच्या दिसण्याची लाज धरू नका. तिच्या खोड्या हसत सांभाळा. पण जी खोट जिवावर बेतू शकते, तिला माया म्हणून पोटात घालू नका. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. ठणठणीत चालणारी गाडी ‘आता आपल्याला शोभत नाही’ म्हणून विकली जाते, आणि जिचे ब्रेक धड लागत नाहीत ती ‘बाबांची आठवण’ म्हणून रस्त्यावर काढली जाते.

नॅनोपासून सुरुवात करू, कारण लोकांचं हसू तिच्याइतकं फार थोड्या गाड्यांनी सोसलं असेल. १० जानेवारी २००८ ला दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात रतन टाटांनी ती जगासमोर आणली तेव्हा परदेशी वर्तमानपत्रांनीसुद्धा तिची दखल घेतली. मार्च २००९ मध्ये मुंबईत ती विक्रीला खुली झाली. दोन लाखांहून जास्त लोकांनी पैसे भरून नाव नोंदवलं, सोडत काढावी लागली. आणि मग ‘जगातली सर्वांत स्वस्त गाडी’ हेच बिरुद तिला नडलं. स्कूटरवरून चारचाकीकडे येणाऱ्या माणसाला गाडी स्वस्त हवी असते, पण ती स्वस्त आहे हे शेजाऱ्याला कळायला नको असतं. पुढे रतन टाटांनी स्वतःच मान्य केलं की ती ‘सर्वांत स्वस्त’ म्हणून खपवायला नको होती. २०१८ मध्ये तिचं उत्पादन थांबलं.

आता तिच्या कुरूपपणाची एकेक खूण घ्या. नाक आखूड का? कारण पुढे इंजिनच नाही. ६२४ सीसीचं, दोन सिलिंडरचं इंजिन मागच्या सीटखाली बसवलं आहे. पुढच्या बॉनेटखाली स्टेपनी आणि पेट्रोल भरायचं तोंड. पंपावर बॉनेट उघडलं की नवखा पोरगा हमखास विचारतो, ‘काका, इंजिन तापलंय का?’ छत उंच का? कारण ३.१ मीटर लांबीत चार मोठी माणसं ताठ बसवायची होती. फेटा बांधलेला पाहुणाही तिच्यात मान न वाकवता बसतो. चाकाला चारऐवजी तीन नट, काचेला एकच वायपर, सुरुवातीच्या साध्या मॉडेलला बाहेरचा आरसाही एकच. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी डोकं चालवून चार पैसे वाचवले आहेत. मागचा दरवाजा तर २०१५ चं नवं मॉडेल येईपर्यंत उघडतच नव्हता; सामान ठेवायचं तर मागच्या सीटची पाठ पाडून वाकून ठेवायचं. हे गैरसोयीचं होतं, यात शंका नाही. पण चार मीटर त्रिज्येत वळणारी गाडी सदाशिव पेठेतल्या किंवा कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरच्या माणसाला काय वाटते, ते त्यालाच विचारा.

म्हणून नॅनोवाल्यांनो, विकायची घाई करू नका. भाजी, बँक, दवाखाना, मुलीचा क्लास, एवढ्या फेऱ्या ती निमूट करत असेल तर केवळ सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीपुढे खुजी दिसते म्हणून सात वर्षांच्या हप्त्यावर मोठी गाडी घेणं हा व्यवहार नव्हे. घरातल्या तरुण मुलांना तिची लाज वाटते, मला माहीत आहे. बघण्याच्या कार्यक्रमाला जायचं तर ‘नॅनो नको, भाड्याने इनोव्हा सांगा’ असं म्हणणारे चिरंजीव घरोघरी आहेत. सांगा इनोव्हा. पण लग्नानंतर पेट्रोलचा खर्च नॅनोचाच परवडेल, हेही त्या मुलीला त्याच दिवशी सांगा. आणि चिरंजीवांना मोबाइलवर २०२२ ची ती चित्रफीत दाखवा, जिच्यात रतन टाटा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात एका पांढऱ्या नॅनोतून आलेले दिसतात. ती नॅनो विजेवर चालणारी करून घेतलेली होती, एवढाच फरक.

गाडी कुरूप दिसली की मी एक प्रश्न विचारते, तुम्हीही विचारून बघा: ही अशी का आहे? उत्तर सापडलं, तर सहसा ती गाडी पुढेमागे आवडू लागते. फ्रान्समधली सित्रोएनची टू-सीव्ही हे याचं जुनं उदाहरण. कंपनीचे प्रमुख पियेर बुलांजे यांनी तीसच्या दशकात आपल्या माणसांना सांगितलं होतं की दोन शेतकरी आणि ५० किलो बटाटे घेऊन जाणारी गाडी हवी, आणि नांगरलेल्या शेतातून नेली तरी टोपलीतलं एकही अंडं फुटता कामा नये. दिसण्याची त्यांना फिकीर नव्हती. १९४८ च्या पॅरिस प्रदर्शनात ती आली तेव्हा पत्रकारांनी तिची टिंगल केली. शेतकऱ्यांनी मात्र रांगा लावल्या आणि गाडी मिळायला वर्षानुवर्षं थांबले. पत्र्याऐवजी कापडाचं गुंडाळता येणारं छत, काढून शेतात मांडता येणाऱ्या सीटा. १९९० पर्यंत ती बनत होती.

दुसरं उदाहरण जरा गमतीचं आहे. फियाटने १९९८ मध्ये मल्टिप्ला नावाची गाडी काढली. काचेखाली एक पत्र्याची वळकटी, त्या वळकटीत दिव्यांची दुसरी जोडी, आणि एकूण चेहरा असा की तेव्हापासून जगातल्या कुरूप गाड्यांच्या प्रत्येक यादीत तिचं नाव असतं. पण चार मीटरच्या आत लांबी ठेवून तिच्यात सहा माणसं बसत, पुढे तीन आणि मागे तीन, आणि सहाही जण ऐसपैस. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९९९ मध्ये ती प्रदर्शनात मांडली. मग टीकेला कंटाळून कंपनीने २००४ मध्ये तिची वळकटी काढून टाकली आणि तिला चारचौघींसारखा चेहरा दिला. आज शौकीन लोक कुठली मल्टिप्ला शोधतात? वळकटीवालीच. दुसरी कुणाच्या लक्षातही नाही.

यातून माझा एक सल्ला निघतो. तुमच्या कुरूप गाडीला सुंदर करायला जाऊ नका. नॅनोला रुंद टायर, व्हॅनला खालून निळे दिवे, पद्मिनीला नव्या गाडीचं बंपर, असले उद्योग करून ती देखणी होत नाही, नुसती केविलवाणी होते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने नोंदवलेल्या रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. पासिंगच्या वेळी आरटीओत हे सगळं उतरवावं लागतं, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला ते आयतं कारण मिळतं.

आता पद्मिनी. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाटच्या परवान्यावर बनवलेली ही गाडी १९७४ पासून या नावाने विकली गेली आणि मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी असं समीकरण झालं. उन्हात घाटावर चढवली की तापायची, दार आपटल्याशिवाय लागत नसे, आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर टाकणं ही शिकायची विद्या होती. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. त्या आठवड्यात किती हळहळ झाली! त्यातले पुष्कळ जण आदल्या दहा वर्षांत समोर आलेली पद्मिनी सोडून मागच्या एसी टॅक्सीला हात करत होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. चालू असताना वापरायची नाही आणि गेल्यावर गळा काढायचा, ही आपली खास सवय.

म्हणून शेडखाली फियाट झाकून ठेवलेल्यांना सांगते: एकतर चालू करा, नाहीतर करू शकेल अशा माणसाला द्या. उभी गाडी दर पावसाळ्याला मरत असते. टाकीतलं पेट्रोल शिळं होऊन कार्बोरेटरमध्ये चिकट थर धरतो, चाकांतले ब्रेकचे सिलिंडर अडकतात, उंदीर वायरी कुरतडतात, आणि कोकणात किंवा मुंबईत असाल तर पायाखालच्या मॅटखाली पत्रा कधी सडून गेला ते कळतही नाही. बहुतेक लोक काय करतात, पहिल्यांदा रंग काढतात. चकचकीत गाडीचे फोटो नातेवाइकांना पाठवून होतात, आणि मग पैसे संपतात. क्रम उलटा धरा. आधी कागद, मग पत्रा, मग ब्रेक आणि इंजिन, आणि रंग अगदी शेवटी. पुट्टी भरून वर रंग मारलेला पत्रा आतून सडतच राहतो. विकत घेणाऱ्यांनीही खिशात एक लोहचुंबक न्यावं. जिथे ते धरत नाही तिथे पत्र्यावर पुट्टीचा जाड थर आहे असं समजावं.

कागद म्हणजे काय, तेही नीट समजून घ्या, कारण बहुतेक मायाळू वारसदार इथेच आपटतात. वडील गेले, गाडी अजून त्यांच्याच नावावर, विमा संपून आठ वर्षं झाली, आणि मुलगा रविवारी सकाळी ‘एक चक्कर’ मारून येतो. त्या चकरेत कुणाला धक्का लागला तर भरपाई घरावर येईल. मालकाच्या मृत्यूनंतर गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ असतो. कायद्याने तो तीन महिन्यांत भरायचा असतो, उशीर झाला तर दंड भरून का होईना, करून घ्या. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. अर्ज फॉर्म २५ वर, मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत. उशीर केला तर महिन्यागणिक दंड साचतो. केंद्र सरकारने २०२२ मध्ये मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपयांवर नेलं, आणि २० वर्षांपुढच्या गाड्यांसाठी नंतर आणखी वाढवलं. वर महाराष्ट्राचा पर्यावरण कर. म्हणजे माया फुकट नाही. पण दिल्लीच्या बातम्या वाचून ‘१५ वर्षं झाली, आता भंगारातच’ असं समजून लोक चांगल्या गाड्या फुंकून टाकतात, तेही खरं नाही. महाराष्ट्रात केवळ १५ वर्षं झाली म्हणून खासगी गाडीवर बंदी येत नाही. पासिंग झालं की ती चालते.

आणि ‘व्हिंटेज’चा नंबर घेऊन सुटका करून घेऊ, हे कुणी एजंट सांगत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. २०२१ च्या नियमाप्रमाणे ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असलेली गाडीच त्यात बसते. पद्मिनी नावाच्या अगदी पहिल्या गाड्या आत्ता कुठे त्या उंबरठ्यावर आहेत. शिवाय तशी नोंदणी केलेली गाडी रोज फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची.

लोक या गाड्यांच्या प्रेमात का पडतात, यावर पुष्कळ विचार करून मी एका साध्या उत्तरापाशी आले आहे. नव्या गाडीला मालकाची गरज नसते. बटण दाबलं की ती निघते, कुणीही दाबलं तरी. जुनी गाडी मात्र घरच्यांनाच वश असते. चॉक अर्धाच ओढायचा. ड्रायव्हरचं दार थोडं उचलून लावायचं. दुसरा गिअर टाकताना क्षणभर थांबायचं. पावसात वायपर अडला तर काचेवर आतून थाप मारायची. हे ज्याला जमतं त्याला आपण गाडीच्या आतल्या गोटातले आहोत असं वाटतं, आणि ते सुख शोरूममध्ये मिळत नाही. मी याला हसणारी नाही. मला स्वतःला अशा गाडीत बसायला आवडतं.

फक्त या खोड्यांच्या यादीत हळूच एखादी खोट घुसते, तिच्यावर डोळा ठेवा. ‘हिचा ब्रेक दोनदा दाबावा लागतो, पण मला सवय आहे’ असं एका गृहस्थांनी मला मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं. ती खोड नव्हे. ब्रेकच्या नळीत हवा शिरली आहे किंवा सिलिंडर गळतो आहे, आणि एक दिवस तिसऱ्यांदा दाबूनही लागणार नाही. तसंच ‘ही जरा डावीकडे ओढते’, ‘ऐंशीच्या पुढे हात थरथरतात’, ‘गाडीत पेट्रोलचा थोडा वास येतो, पण काच खाली केली की जातो’. माझा ठोकताळा असा: जिच्यामुळे गाडी निघत नाही ती खोड सांभाळा, जिच्यामुळे गाडी थांबत नाही ती त्याच दिवशी गॅरेजला दाखवा. आणि वास येत असेल तर गाडी चालवत गॅरेजला नेऊच नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

वासाची गोष्ट अशासाठी की आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. जुन्या गाड्यांतल्या रबरी नळ्या आणि वॉशर त्यासाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात, चिरतात. पाच-सातशे रुपयांची नळी बदलायला कंजूषी करू नका. नॅनोवाल्यांनी तर मुळीच नाही, कारण तुमचं इंजिन मागच्या प्रवाशांच्या खाली आहे. सुरुवातीच्या काळात काही नॅनो पेटल्या होत्या आणि २०१० मध्ये कंपनीने सायलेन्सर आणि वायरिंगला जास्तीचं संरक्षण फुकट बसवून देऊ केलं होतं. जुनी नॅनो घेत असाल तर ते काम झालं होतं का, विचारा. आणि मूळ वायरिंग कापून जोडलेला मोठा हॉर्न, जादा दिवे, स्वस्तातली म्युझिक सिस्टिम काढून टाका.

आता व्हॅन, आणि इथे माझा सूर बदलला तर रागावू नका. १९८४ मध्ये आलेली आणि पुढे ओम्नी म्हणून ओळखली गेलेली ही गाडी ३५ वर्षं चालली. मंडपवाला, फुलवाला, केटरर, डेअरी, गावातली रुग्णवाहिका, सगळ्यांची गरज तिने भागवली. सरकतं दार बोळातही उघडतं, मागची सीट काढली की कपाट मावतं, आणि हिंदी सिनेमातल्या खलनायकाला अपहरणासाठी दुसरी गाडी कधी सुचलीच नाही. ७९६ सीसीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळे बसणाऱ्याला खालून ऊब लागते. महाबळेश्वरला डिसेंबरात बरी वाटते, जळगावला एप्रिलमध्ये नको होते. इथवर सगळं गोड आहे.

पण समोर बसलेल्याच्या गुडघ्यांपुढे काय आहे? पत्रा आणि दिवा. समोरून धडक बसली तर ती झेलायला दुसरं काहीच नाही. २०१९ मध्ये सुरक्षिततेचे नवे नियम लागू होताना ती बंद झाली, कारण तिला त्या नियमांत बसवणं शक्यच नव्हतं. नॅनोची कथाही फार वेगळी नाही. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच लहान गाड्यांची, एअरबॅग नसलेल्या साध्या मॉडेलांची, ताशी ६४ किलोमीटरने धडक चाचणी घेतली. अल्टो ८००, नॅनो, आय१०, फिगो आणि पोलो, पाचही जणींना शून्य तारे. म्हणजे नॅनो एकटीच वाईट होती असं नाही. पण शून्य ते शून्यच.

तेव्हा या गाड्या घेऊन समृद्धी महामार्गावर जाऊ नका. तिथे मोटारींना १२० ची मर्यादा आहे. नॅनोचा कमाल वेगच १०५ च्या आसपास. मागून येणाऱ्याला तुम्ही उभे असल्यासारखे दिसता. रात्री तर नाहीच. गावात, पन्नासच्या आत, पट्टा लावून, एवढीच त्यांची हद्द समजा. पट्टा मागे बसणाऱ्यांनीही लावायचा. जुन्या पद्मिनीत पट्टेच नसतील तर चांगल्या कारागिराकडून मुळातच मजबूत असलेल्या ठिकाणी बसवून घ्या, साध्या पत्र्यावर नव्हे. टायरच्या कडेला चार आकडी खूण असते, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शिल्लक दिसत असली तरी सहा-सात वर्षांपूर्वीचा टायर कडक होऊन चिरलेला असतो. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि घाटात नेमकं दगा देतं.

पालकांना एक वेगळी विनंती. शाळेची व्हॅन दारात आली की आत किती मुलं आहेत ती मोजा. मग सीटखाली वाका. गॅसची टाकी आहे का, असेल तर ती आरसीवर नोंदलेली, मान्यताप्राप्त किटची आहे का, की घरगुती सिलिंडर आडवा करून त्याच्यावर फळी टाकून मुलं बसवली आहेत? विद्यार्थी वाहतुकीचे नियम राज्यात २०११ पासून आहेत. व्हॅनवाले काका स्वभावाने देवमाणूस असतील, मुलांचे वाढदिवस लक्षात ठेवत असतील. त्यांच्याशी भांडू नका, पण यात गडबड दिसली तर मूल त्या गाडीत बसवू नका. शाळेला लेखी कळवा, चार पालक मिळून कळवा.

आणि कधीतरी निरोपाची वेळ येते. मेकॅनिकने गाडी वर चढवून दाखवली आणि चाकं जिथे अंगाला जोडलेली असतात तिथलाच पत्रा स्क्रू-ड्रायव्हरने टोचल्यावर भुगा होऊन पडला, तर तिथे वेल्डिंग करून वर्ष-दोन वर्षं काढू नका. गल्लीतल्या भंगारवाल्याला गाडी देऊन आरसी कपाटात ठेवणारे तर फारच आहेत. त्या नंबरावर, त्या चॅसिसवर उद्या काय काय चालेल, आणि पोलीस तुमच्या दारात येतील. सरकारमान्य वाहन भंगार केंद्रात द्या, तिथून जमा केल्याचं प्रमाणपत्र घ्या आणि आरटीओत नोंदणी रद्द झाल्याची खात्री करा. ते प्रमाणपत्र नव्या गाडीच्या करात सवलतीसाठीही चालतं. देण्यापूर्वी कुणा शौकिनाला काचा, दिवे, दाराची हँडलं हवी आहेत का ते विचारा. नॅनोचे आणि पद्मिनीचे भाग शोधत हिंडणारी माणसं आहेत, त्यांची दिवाळी होईल.

गाडी चांगली असेल आणि तुम्हालाच पुरे झाली असेल, तर सरळ विका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करा, आणि नवा मालक नाव बदलून घेईल असं गृहीत न धरता महिन्याभराने परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर टाकून स्वतः बघा. किल्ल्यांबरोबर एक हाताने लिहिलेला कागदही द्या: चॉक किती ओढायचा, कुठलं दार उचलून लावायचं, पेट्रोलचा काटा पाव दाखवतो तेव्हा खरं किती उरलेलं असतं. ब्रेक, टायर, नळ्या शेवटच्या कधी बदलल्या तेही त्यावर तारखेसकट लिहा. आणि बदलल्या नसतील, तर तसं लिहून तेवढे पैसे किमतीतून कमी करा.